परत गेलेला गुलाम : संत पॅट्रिक यांचे मनपरिवर्तन आणि वारसा

दरवर्षी १७ मार्च रोजी ख्रिस्तसभा आयर्लंडचे प्रेषित संत पॅट्रिक यांचे स्मरण करते. हा दिवस नेहमीच उपवासकाळात येत असल्यामुळे आपल्या धर्मग्रामांतून त्याचा फारसा गाजावाजा होत नाही. तरीही महाराष्ट्रातील कॅथलिकांना हे नाव अपरिचित नाही. पुणे धर्मप्रांताचे कॅथीड्रल याच संताच्या नावाने उभे आहे. १८५० साली पुण्याच्या लष्करी छावणीतील आयरिश शिपायांच्या आध्यात्मिक गरजेपोटी त्या ठिकाणी चर्च उभे राहिले. पोटासाठी परक्या सरकारची चाकरी पत्करून साता समुद्रांपलीकडे आलेल्या त्या शिपायांनी आपल्या सामानाबरोबर आपला संतही आणला होता.

ज्याला त्यांनी बरोबर आणले, तोही एकेकाळी समुद्रापार नेला गेला होता. फरक एवढाच की त्याला दोरखंडाने बांधून नेण्यात आले होते. त्या मुलाची आणि त्याच्यापासून घडलेल्या प्रेषिताची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

कथा आणि कागद

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही संत पॅट्रिक यांच्या दोन गोष्टी ऐकल्या होत्या. पहिली अशी की, त्यांनी हातातील दंड उगारून आयर्लंडमधील सारे साप समुद्रात हाकलून दिले. दुसरी अशी की, त्यांनी तीन पानांचे एक रानटी रोप खुडले आणि त्याच्या आधाराने राजाला पवित्र त्रैक्याचे रहस्य समजावून सांगितले. पुढे धर्मगुरू झाल्यावर आम्हीही प्रवचनांतून याच गोष्टी सांगत आलो. मुले डोळे विस्फारून ऐकत आणि आम्हांला वाटे की आमचे काम झाले.

पुढे त्यांचे स्वतःचे लेखन वाचनात आले आणि आम्ही ओशाळलो. आयर्लंडमध्ये साप नाहीत हे खरे. परंतु ही गोष्ट सोलिनस नावाच्या रोमी लेखकाने तिसऱ्या शतकातच, म्हणजे पॅट्रिक यांच्या जन्मापूर्वीच, लिहून ठेवली होती. हिमयुगानंतर ते बेट समुद्राने वेढले गेले आणि साप तेथवर पोहोचलेच नाहीत, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्रिदलाची गोष्ट तर अठराव्या शतकापूर्वीच्या लेखनात सापडत नाही. दोन्ही गोष्टी भक्तीतून जन्मल्या आहेत आणि भक्तीचा आम्ही अनादर करीत नाही. पण त्या गोष्टींच्या गर्दीत खरा माणूस हरवून जातो, ही आमची खंत आहे.

सुदैवाने तो माणूस शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पाचव्या शतकातील या महागुरूंनी लॅटिन भाषेत लिहिलेली दोन लेखने आजही उपलब्ध आहेत. एक आहे त्यांचे आत्मनिवेदन, ज्याला 'कन्फेशिओ' म्हणतात. या लॅटिन शब्दात पापाची कबुली आणि देवाच्या थोरवीची कबुली, असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. दुसरे आहे कोरोतिकस नावाच्या एका सरदाराच्या शिपायांना लिहिलेले जाहीर पत्र. आत्मनिवेदनाची सर्वांत जुनी प्रत नवव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'आर्माच्या ग्रंथा'त असून तो ग्रंथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेला आहे. आम्ही येथे जे सांगणार आहोत, ते मुख्यतः या दोन लेखनांच्या आधारे. त्यांत साप नाहीत, त्रिदल नाही. त्यांत आहे एक गुलाम.

उपधर्मगुरूच्या घरातील मुलगा

पॅट्रिक यांचा जन्म आयर्लंडमध्ये झाला नाही. ते ब्रिटनचे. त्या काळी रोमी साम्राज्याची सत्ता ब्रिटनमधून ओसरत होती. पण ख्रिस्ती धर्म तेथे रुजला होता. वडील काल्पोर्नियस हे उपधर्मगुरू होते आणि आजोबा पोतितस धर्मगुरू. त्या शतकांत विवाहित पुरुषांनाही याजकपदाची दीक्षा मिळत असे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. वडील नगराच्या कारभारी मंडळातही होते, घरी नोकरचाकर होते आणि गावाजवळ एक लहानशी वाडी होती. थोडक्यात, दोन पिढ्यांची ख्रिस्ती परंपरा असलेले सुखवस्तू घर.

अशा घरात वाढलेल्या मुलाविषयी आपण काय अपेक्षा करू? पॅट्रिक स्वतः मात्र सांगतात की त्या वयात त्यांना खऱ्या देवाची ओळख नव्हती. आपण सारे देवाकडे पाठ फिरवून जगत होतो, त्याच्या आज्ञा पाळत नव्हतो आणि तारणाचा उपदेश करणाऱ्या धर्मगुरूंचे ऐकत नव्हतो, असे ते कबूल करतात. घरातच धर्मगुरू असताना मुलाचे मन देवापासून दूर राहिले होते!

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर संकट कोसळले. आयर्लंडमधील समुद्री लुटारूंनी किनाऱ्यावर धाड घातली. वडिलांच्या त्या वाडीतूनच पॅट्रिकला पकडण्यात आले. आपल्याबरोबर हजारो माणसे अशीच नेली गेली, असे ते लिहितात. काल ज्याच्या घरी दासदासी राबत होत्या, तो मुलगा आज स्वतः विक्रीची वस्तू झाला.

डोंगरावरील सहा वर्षे

पॅट्रिकच्या वाट्याला मेंढरे राखण्याचे काम आले. आयरिश परंपरा ही जागा अँट्रिम परगण्यातील स्लेमिश डोंगरावर दाखवते. त्यांच्या स्वतःच्या लेखनात मात्र पश्चिम समुद्राजवळील वोक्लुत नावाच्या अरण्याचा उल्लेख येतो. जागा कोणतीही असो, त्या मुलाचे दिवस आपण डोळ्यांपुढे आणू शकतो. भाषा परकी, माणसे परकी, अंगावर पुरेसे वस्त्र नाही, डोक्यावर छप्पर नाही. आपल्याकडील धनगर निदान आपल्या कुटुंबकबिल्यासह रानात उतरतो. या मुलाला कोणी नव्हते.

त्या एकांतात त्याला आठवली ती घरी ऐकलेली आणि कानाआड टाकलेली प्रार्थना. दिवसाकाठी शंभर वेळा आणि रात्री जवळजवळ तितक्याच वेळा आपण प्रार्थना करीत असू, असे ते सांगतात. बर्फ असो, हिव असो, पाऊस असो, पहाटेपूर्वीच ते प्रार्थनेसाठी उठत. त्याचा आपल्याला त्रास झाला नाही, कारण त्या वेळी पवित्र आत्मा आपल्या ठायी धगधगत होता, असा त्यांचा अनुभव आहे.

येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. मनपरिवर्तन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिमिष्काच्या वाटेवरचे संत पौल उभे राहतात: एकाएकी आलेला प्रकाश, जमिनीवर कोसळलेला छळकर्ता, एका क्षणात पालटलेले आयुष्य. पॅट्रिक यांचे परिवर्तन निराळ्या जातीचे आहे. ते एका धर्मातून दुसऱ्या धर्मात आले नाहीत. ख्रिस्ती घरातच जन्मलेला हा मुलगा ख्रिस्ती झाला तो सहा वर्षांत, थेंबाथेंबाने, मेंढरांच्या मागे फिरता फिरता. जो देव त्याला वारशाने मिळाला होता, तो त्याला स्वतः शोधून घ्यावा लागला. वारसाहक्काने शेतीवाडी मिळते, घरदार मिळते, आडनाव मिळते. श्रद्धा मात्र प्रत्येकाला नव्याने स्वीकारावी लागते.

आणखी एक गोष्ट त्या सहा वर्षांत घडली. त्या लोकांमध्ये राहताना त्यांची बोली त्याच्या परिचयाची झाली. शाळेचे शिक्षण अर्ध्यावर तुटल्याचे शल्य पॅट्रिक यांना आयुष्यभर होते. आपले लॅटिन ओबडधोबड आहे, विद्वान आपल्याला हसतील, याची त्यांनी पुन्हा पुन्हा क्षमा मागितली आहे. पण ज्या लोकांना त्यांना पुढे शुभवर्तमान सांगायचे होते, त्यांची भाषा कोणत्याही विद्यापीठात शिकवली जात नव्हती. ती गुलामाच्या कोंडवाड्यातच शिकता येत होती. लोकांच्या भाषेवाचून शुभवर्तमान लोकांच्या अंतःकरणात शिरत नाही, हे आम्हां मराठी कॅथलिकांना वेगळे सांगायला नको. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापून आणले, ते याच जाणिवेतून.

सहा वर्षांनंतर एका रात्री झोपेत पॅट्रिकला वाणी ऐकू आली की तू लवकरच मायदेशी जाशील. पुढे दुसऱ्यांदा ऐकू आले की तुझे जहाज तयार आहे. जहाज होते सुमारे दोनशे मैल दूर. तो मालकाच्या घरून पळाला, अनोळखी मुलखातून बंदरावर पोहोचला. तांडेलाने आधी त्याला झिडकारले आणि मग परत बोलावून घेतले. तीन दिवसांचा समुद्रप्रवास झाला. पुढे अठ्ठावीस दिवस ओसाड मुलखातून पायपीट झाली आणि अन्न संपले. तुझा देव जर एवढा सामर्थ्यवान आहे, तर आमच्यासाठी प्रार्थना का करीत नाहीस, असा टोमणा त्या तांडेलाने मारला. त्याच दिवशी वाटेत रानडुकरांचा कळप आडवा आला आणि सारे पोटभर जेवले. काही वर्षांनी पॅट्रिक आपल्या आईवडिलांच्या दारी उभा होता.

परतीची हाक

सामान्य माणसाची कथा येथे सुफळ संपूर्ण होते. हरवलेला मुलगा घरी आला. एवढे सोसल्यावर आता आम्हांला सोडून कुठे जाऊ नकोस, अशी घरच्यांनी त्याला गळ घातली. आई-बापांचे काय चुकले? आमच्याही धर्मग्रामातील कोणती माता याहून वेगळे बोलली असती?

परंतु एका रात्री त्याला स्वप्न पडले. व्हिक्तोरिकस नावाचा एक पुरुष आयर्लंडकडून येत होता आणि त्याच्यापाशी असंख्य पत्रे होती. त्यांतील एक त्याने पॅट्रिकच्या हाती दिले. पत्राचा आरंभ वाचताच वोक्लुतच्या अरण्याजवळील लोकांचे आवाज त्याच्या कानी आले. ते सारे एकमुखाने त्याला आपल्यामध्ये परत येऊन वावरण्याची विनवणी करीत होते. त्याचे काळीज चिरले, पुढे वाचवेना, आणि त्याला जाग आली.

हे आवाज कोणाचे होते? ज्यांनी त्याचे तारुण्य लुटले, त्यांच्याच मुलखातील लोकांचे. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने शौलाला त्याच्या हातून होणाऱ्या छळाविषयी विचारले होते. येथे छळ सोसलेल्यालाच छळाच्या भूमीतून हाक येत होती. मनपरिवर्तनाचा खरा कस येथे लागला. डोंगरावर देव सापडणे ही एक गोष्ट. ज्यांनी आपल्याला त्या डोंगरावर बांधून नेले, त्यांच्यात आपले भाऊ सापडणे ही दुसरी, आणि ती फार अवघड.

पॅट्रिक यांनी याजकीय दीक्षा घेतली, यथावकाश ते महागुरू झाले आणि आयर्लंडला गेले. तेथे जाणारे ते पहिलेच महागुरू नव्हते. ४३१ साली पोप सेलेस्तीन यांनी पलादियस यांना आयर्लंडमधील ख्रिस्ती लोकांचे पहिले महागुरू म्हणून पाठवल्याची नोंद त्याच काळातील लेखक प्रॉस्पर यांनी केली आहे. म्हणजे तुरळक ख्रिस्ती वस्ती तेथे आधीपासून होती. त्यांत पॅट्रिक यांच्यासारखे धरून नेलेले गुलामही असणारच. पॅट्रिक यांचे कार्य चालले ते मुख्यत्वे जेथे कोणीही आधी गेले नव्हते, अशा दूरच्या भागांत.

आरोप आणि यातना

त्यांनी हजारो लोकांना स्नानसंस्कार दिला आणि गावोगावी याजक नेमले. एका अतिशय रूपवान, उच्चकुलीन आयरिश तरुणीविषयी ते लिहितात. स्नानसंस्कारानंतर थोड्याच दिवसांत तिने त्यांच्याकडे येऊन ख्रिस्तासाठी कुमारीव्रत घेण्याचा आपला निश्चय सांगितला. अशा मुलींना घरच्यांचा जाच सोसावा लागे. पण सर्वांत जास्त यातना भोगाव्या लागतात त्या गुलाम स्त्रियांना, असे ते आवर्जून नोंदवतात. धाकदपटशा आणि भीती यांच्या सावलीत राहूनही त्या श्रद्धा सोडत नाहीत, याचे त्यांना कौतुक आहे. त्या काळच्या लेखनात दासीच्या दुःखाची अशी दखल सहसा आढळत नाही. ही नजर पॅट्रिक यांना कोणत्या शाळेत मिळाली, हे सांगायला नको.

पैशाच्या बाबतीत ते अत्यंत काटेकोर होते. भाविक स्त्रिया आपले दागिने वेदीवर ठेवीत. ते परत करीत, आणि त्या रागावल्या तरी परत करीत. स्नानसंस्कारासाठी वा दीक्षेसाठी त्यांनी कवडीही घेतली नाही. उलट राजांना नजराणे आणि राजपुत्रांना वेतन देऊन त्यांनी प्रवासाची परवानगी आणि सोबत मिळवली. न्यायनिवाडा करणाऱ्यांना आपण दिलेली रक्कम निदान पंधरा माणसांच्या किमतीएवढी भरेल, असे ते लिहितात. माणसाची किंमत! ज्याची स्वतःची एकदा किंमत ठरली होती, त्याच्याच लेखणीतून हे मोजमाप आले आहे. एवढे करूनही एकदा त्यांना सोबत्यांसह पकडून बेड्या ठोकण्यात आल्या. चौदाव्या दिवशी सुटका झाली.

या सर्वांपेक्षा खोल जखम झाली ती आपल्याच माणसांकडून. उपधर्मगुरूची दीक्षा घेण्यापूर्वी पॅट्रिक यांनी मनाच्या व्याकुळतेत आपले एक पाप जिवलग मित्राला सांगितले होते. ते पाप घडले होते वयाच्या साधारण पंधराव्या वर्षी, एका दिवसात, नव्हे एका घटकेत. तीस वर्षांनंतर त्या मित्राने ते उघड केले आणि ब्रिटनमधील वडीलधाऱ्या मंडळींनी त्याच्या आधारे त्यांच्या महागुरूपदावर आक्षेप घेतला. हाच मित्र पूर्वी त्यांना महागुरूपदास योग्य म्हणत होता. पॅट्रिक लिहितात की त्या दिवशी आपण जवळजवळ कोसळलो होतो, देवानेच सावरले. मित्राविषयी त्यांच्या लेखनात वेदना आहे, शिव्याशाप नाहीत. त्याचे हे पाप त्याच्या माथी मारले जाऊ नये, अशी ते देवाकडे याचना करतात. त्यांच्या आत्मनिवेदनाला या आरोपांची पार्श्वभूमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील प्रत्येक वाक्याचे वजन वाढते.

कोरोतिकसच्या शिपायांना पत्र

आता त्या दुसऱ्या लेखनाकडे वळू. आमच्या मते पॅट्रिक यांच्या जीवनाचा कळस या छोट्याशा पत्रात आहे.

नव्याने स्नानसंस्कार घेतलेला आयरिश स्त्री-पुरुषांचा एक समुदाय होता. अंगावर शुभ्र वस्त्रे होती. कपाळावर लावलेल्या पवित्र तेलाचा सुगंध अजून विरला नव्हता. दुसऱ्याच दिवशी कोरोतिकसच्या शिपायांनी त्यांच्यावर धाड घातली. कित्येकांची कत्तल झाली आणि उरलेल्यांना, विशेषतः तरुण स्त्रियांना, गुलाम म्हणून विकण्यासाठी पळवून नेण्यात आले.

यातील भयंकर गोष्ट ही की, कोरोतिकस स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेत होता. तो ब्रिटनचा, म्हणजे पॅट्रिक यांचाच देशबांधव. पॅट्रिक यांनी तातडीने एका धर्मगुरूला निरोप देऊन पाठवले. या धर्मगुरूला त्यांनी लहानपणापासून शिकवून तयार केले होते. लुटीतले काही आणि बंदिवान भाविक परत करा, एवढीच मागणी होती. शिपाई त्याला हसले.

तेव्हा त्यांनी जाहीर पत्र लिहिले आणि ते सर्व लोकांसमोर, खुद्द कोरोतिकसच्याही समोर वाचले जावे, असे बजावले. या लोकांना आपण आपले किंवा रोमी ख्रिस्ती लोकांचे बांधव म्हणणार नाही, असे ते ठणकावतात. त्यांच्याबरोबर कोणी खाऊ-पिऊ नये, त्यांचे दानधर्म स्वीकारू नयेत, जोवर ते अश्रू ढाळून प्रायश्चित्त करीत नाहीत आणि बंदिवानांना मुक्त करीत नाहीत तोवर. गॉल देशातील ख्रिस्ती लोक फ्रँकांकडे हजारो मोहरा पाठवून बंदिवानांना सोडवून आणतात. आणि तुम्ही ख्रिस्ती असून ख्रिस्ताच्या अवयवांना विकता, हा त्यांचा सवाल आहे.

आणि मग ते या अन्यायाच्या मुळावर बोट ठेवतात. हे असे का घडले? आयरिश लोक कमी प्रतीचे समजले जातात म्हणून. त्या शिपायांच्या दृष्टीने कालपरवा स्नानसंस्कार घेतलेले ते रानटी लोक खरे ख्रिस्ती नव्हतेच. हे दुःख मांडताना पॅट्रिक स्वतःला आयरिशांमध्ये मोजतात. ज्यांनी त्यांना गुलाम केले, त्या लोकांसाठी त्यांच्या तोंडी 'ते' हा शब्द उरलेला नाही. 'आम्ही' हा शब्द आला आहे. आपण एकाच स्नानसंस्काराचे आणि एकाच पित्याचे आहोत की नाही, असा प्रश्न ते आपल्या देशबांधवांना करतात.

पॅट्रिक यांच्यापूर्वीही काही संतांनी गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला होता. चौथ्या शतकात निस्साचे संत ग्रेगरी यांनी, देवाच्या प्रतिमेनुसार घडलेल्या माणसाची किंमत कोण ठरवणार, असा रोखठोक प्रश्न आपल्या प्रवचनात केला होता. परंतु पॅट्रिक यांचा आवाज ज्या गळ्यातून उमटला, त्या गळ्यात एकदा दोर पडला होता. त्या बंदिवानांचे पुढे काय झाले, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. सातव्या शतकातील मुर्कू नावाच्या चरित्रकाराने कोरोतिकसचा कोल्हा झाला अशी कथा रचली. लोकांच्या मनाला न्याय हवा असतो, तो इतिहासात मिळाला नाही की लोक तो कथेत मिळवतात.

वारसा

पॅट्रिक यांनी आयर्लंडमध्ये पेरलेले बीज फार लवकर फळाला आले. त्यांच्यानंतरच्या शतकात त्या बेटावर मठ उभे राहिले आणि तेथून संन्यासी बाहेर पडू लागले. ५६३ साली संत कोलंबा यांनी स्कॉटलंडलगतच्या आयोना बेटावर मठ स्थापला. ६३५ साली आयोनाचेच संत एडन उत्तर इंग्लंडमधील लिंडिस्फार्न येथे पोहोचले. संत कोलंबानस हे गॉल ओलांडून इटलीत गेले आणि त्यांनी ६१४ साली बोब्बियोचा मठ स्थापन केला. रोमी साम्राज्याच्या पडझडीत युरोपातील विद्या विखुरत असताना या मठांनी पवित्र ग्रंथांच्या आणि प्राचीन लेखनाच्या नकला करून जपल्या. ज्या ब्रिटनमधून एका मुलाला धरून नेले होते, त्याच ब्रिटनला त्या मुलाच्या शिष्यपरंपरेने शुभवर्तमान परत दिले.

एक देणगी तर आपण आजही दर महिन्याला, निदान दर उपवासकाळात वापरतो. प्राचीन ख्रिस्तसभेत गंभीर पापांचे प्रायश्चित्त जाहीरपणे आणि बहुधा आयुष्यात एकदाच घेता येई. आयरिश मठांत मात्र एकांतात, पुन्हा पुन्हा पापनिवेदन करण्याची पद्धत रुजली आणि आयरिश संन्याशांनी ती युरोपभर नेली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक भाविकाला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले आणि त्याची गुप्तता फोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शिक्षा सांगितली. पापनिवेदनाच्या कक्षात बसताना आम्हांला कधी कधी त्या तीस वर्षांनी तोंड उघडणाऱ्या मित्राची आठवण होते आणि आम्ही सावध होतो.

वारशाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पॅट्रिक यांच्या पत्राने गुलामांचा व्यापार थांबला नाही. पुढे कित्येक शतके ख्रिस्ती आयर्लंडमध्येच इंग्रज गुलामांची खरेदी होत राहिली. ११७० साली आर्मा येथे, म्हणजे पॅट्रिक यांच्या नावाशी जोडलेल्या धर्मपीठातच, याजकवर्गाची सभा भरली आणि देशातील सर्व इंग्रज गुलामांना मुक्त करावे असे तिने ठरवले, अशी नोंद वेल्सचे जेराल्ड यांनी केली आहे. परचक्राचे संकट आल्यावर आपलेच पाप आठवले, असे त्या सभेचे म्हणणे होते. तेव्हा संतांच्या निधनाला सातशे वर्षे होत आली होती. आपल्याकडेही पोर्तुगीज अमलातील गोव्यात ख्रिस्ती धनिकांच्या घरी गुलाम राबत होते. पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट शब्दांत निषेध केला तो १८३९ साली. संत बोलतात आणि आपल्या कानी पडायला शतके लागतात.

आपल्यापुरते

काही वर्षांपूर्वी विवाहाच्या बोलणीच्या संदर्भात एक सद्गृहस्थ आमच्या भेटीस आले होते. मुलगी सुशील, शिकलेली, चर्चमध्ये गाणारी. सर्व चौकशी झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "फादर, एक विचारू का? ती माणसं कधीपासूनची ख्रिस्ती?" आम्ही त्यांना उत्तर दिले की स्नानसंस्कारापासूनची. ते हसले, आम्हीही हसलो आणि विषय तेथेच संपला. तो तेथे संपू द्यायला नको होता, असे आम्हांला आजही वाटते.

महाराष्ट्राच्या ख्रिस्तसभेत सोळाव्या शतकापासूनची घराणी आहेत आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकात नगर-औरंगाबादच्या खेड्यांतून आलेली कुटुंबेही आहेत. वेदी एकच, भाकर एकच, प्याला एकच. पण लग्नाच्या वेळी, निवडणुकीच्या वेळी, कधी कधी तर दफनभूमीच्या वेळीही जुने आणि नवे असा हिशेब होतो. कोरोतिकसच्या शिपायांचाही हाच हिशेब होता. त्यांनी तलवार चालवली. आपण केवळ आवाज खाली आणतो. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: काहींचा स्नानसंस्कार पुरा आणि काहींचा अपुरा.

या समजुतीला पॅट्रिक यांचे आयुष्य दोन उत्तरे देते. पहिले उत्तर जुन्या घराण्यांना. धर्मगुरूचा नातू आणि उपधर्मगुरूचा मुलगा असूनही त्यांना देव घरी भेटला नाही. मेंढरांमागे, थंडीत, गुलाम होऊन भेटला. आपल्या घराण्याचे वय सांगून कोणाची श्रद्धा सिद्ध होत नाही. दुसरे उत्तर सर्वांनाच. मनपरिवर्तन झाले की नाही, याची एक साधी परीक्षा आहे: आपल्या तोंडचा 'आम्ही' हा शब्द किती मोठा झाला? सोळा वर्षांच्या पॅट्रिकच्या 'आम्ही'मध्ये एक वाडी आणि एक घराणे होते. म्हाताऱ्या महागुरूंच्या 'आम्ही'मध्ये त्यांना विकत घेणाऱ्यांचे अख्खे बेट मावले होते.

पुण्याच्या कॅथीड्रलमध्ये आज आयरिश शिपाई नाहीत. तेथे मराठी, कोंकणी, तमिळ आणि इतर भाषा बोलणारे भाविक एकत्र गुडघे टेकतात. त्यांतील किती जणांना माहीत असेल की ज्याच्या नावाने हे मंदिर आहे, त्याने सापांना हाकलले नाही, तर ज्यांनी त्याला हाकत नेले, त्यांना आपले म्हटले? येत्या १७ मार्चला आम्ही मुलांना ही गोष्ट सांगणार आहोत. डोळे विस्फारले नाहीत तरी चालेल. घरी जाऊन त्यांनी आईवडिलांना एखादा प्रश्न विचारला, तर आमचे काम झाले असे आम्ही समजू.